मागच्या गाडीनं या!

पुण्यात स्वारगेटला किंवा डेक्कनवर बसची वाट पाहणाऱ्यांना हे दृश्य पाठ झालेलं असतं. पाऊण तासाच्या प्रवासासाठी माणूस आधी वीस-पंचवीस मिनिटं ताटकळतो. मग आपल्या नंबरची गाडी येते ती दारापर्यंत भरलेली. पायरीवर लोंबकळणाऱ्यांच्या डोक्यावरून वाहक ओरडतो, ‘मागं गाडी आहे, मागच्या गाडीनं या!’ डबल बेल होते, गाडी निघते आणि खरोखरच तिच्या पाठोपाठ त्याच नंबरची दुसरी येते, निम्मी रिकामी. थांब्यावरचे लोक चालकाला नाहीतर डेपोला शिव्या घालतात. पण कुणीही कामचुकारपणा केलेला नसताना, सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या असतानाही हे घडतं. गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्री पॉट्स यांनी १९६४ साली त्यामागचं गणित मांडलं.

ते कागदावर करून पाहता येतं. समजा, दर दहा मिनिटांनी बस आहे, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला दोन माणसं येतात आणि एकाला चढायला तीन सेकंद लागतात. म्हणजे वेळेवर आलेल्या बसला थांब्यावर वीस माणसं मिळतील. आता सिग्नलला अडकून एक गाडी तीन मिनिटं मागं पडली. तिला थांब्यावर सव्वीस माणसं भेटतात. वरच्या सहा जणांना चढवण्यात अठरा सेकंद जातात, म्हणून पुढच्या थांब्यावर ती आणखी उशिरा पोचते आणि तिथे आणखी माणसं जमलेली असतात. हा उशीर चक्रवाढ व्याजासारखा चढत जातो. दहा थांबे ओलांडेपर्यंत तीन मिनिटांचे साडेसात मिनिटांहून अधिक होतात. मागच्या गाडीचं नेमकं उलटं होतं. पुढची गाडी नुकतीच थांबे रिकामे करून गेल्यामुळे तिला माणसं कमी मिळतात, ती भराभर पुढं सरकते आणि पुढचीला गाठते. दोघींमधलं अंतर एकदा बिघडलं की आपोआप सुधारत नाही, आणखी बिघडतच जातं.

याचा फटका प्रवाशाला किती बसतो, ते कार्यालयातल्या आकड्यांत दिसत नाही. तासाला सहा गाड्या, म्हणजे सरासरी दहा मिनिटांचं अंतर आणि पाच मिनिटांची वाट, असा हिशेब असतो. पण गाड्या जोडीनं येऊ लागल्या आणि अंतरं अठरा मिनिटं, दोन मिनिटं, पुन्हा अठरा, पुन्हा दोन अशी झाली, तरी सरासरी दहाच राहते. प्रवासी मात्र कोणत्या फटीत सापडणार? दर वीस मिनिटांतली अठरा मिनिटं मोठ्या फटीची असल्यामुळे दहातले नऊ जण तिथेच अडकतात. त्यामुळे सरासरी वाट आठ मिनिटांवर जाते. गाड्या तेवढ्याच, चालक तेवढेच, इंधनही तेवढंच, आणि तरी वाट दीडपटीहून जास्त. गर्दीचंही तसंच. पुढच्या गाडीत नव्वद आणि मागच्या गाडीत दहा माणसं असली, तर कागदावर सरासरी पन्नास येते. पण शंभरातल्या नव्वद जणांनी चेंगरूनच प्रवास केलेला असतो. ‘गाड्या तर अर्ध्या रिकाम्या धावतात’ म्हणणारा अधिकारी आणि ‘पाय ठेवायला जागा नसते’ म्हणणारा प्रवासी, दोघंही खरंच बोलत असतात. यात हरलेला प्रवासी पुढच्या पगाराला दुचाकीचा हप्ता सुरू करतो आणि ती दुचाकी त्याच रस्त्यावर बसच्या आडवी येते.

यावर उपाय आहेत. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरानं १९९१ साली नळकांड्याच्या आकाराचे थांबे बांधले. तिकीट आत शिरतानाच काढायचं, फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, दारं रुंद. चढण्याचे सेकंद घटले की उशीर वाढण्याचा वेगही घटतो. स्वतंत्र मार्गिका असेल, तर सिग्नलजवळच्या कोंडीत पहिला उशीर होण्याची शक्यताच कमी होते. पुण्यानं २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली, देशातला असा पहिलाच प्रयोग. पुढे ती मार्गिका इतर वाहनांपासून राखली गेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा उपाय बांधकामाशिवायचा आहे. अमेरिकेतले जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला आणि अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसमार्गावर करूनही पाहिला. वेळापत्रक बाजूला ठेवायचं. शेवटच्या थांब्यावर पोचलेल्या गाडीनं आपल्या मागची गाडी किती दूर आहे ते पाहायचं. ती लांब असेल तर जास्त थांबायचं, जवळ असेल तर लगेच सुटायचं. एवढा एकच नियम सगळ्या गाड्यांनी पाळला, तर अंतरं हळूहळू आपोआप सारखी होतात. यासाठी मागची गाडी कुठे आहे हे कळलं पाहिजे, आणि जीपीएसमुळे ते आता अवघड उरलेलं नाही.

अडचण पैशाच्या हिशेबात आहे. पुण्यात भाडेतत्त्वावरच्या बसचे पैसे ठेकेदाराला किलोमीटरवर मिळतात. पुढच्या गाडीला चिकटून रिकामी धावलेली बसही त्या हिशेबात पूर्ण फेरी ठरते. लंडननं ज्या मार्गांवर गाड्या वारंवार धावतात तिथे मोजमापच बदललं. ठरलेल्या अंतरानं बस आल्या असत्या तर प्रवाशाला जेवढं थांबावं लागलं असतं, त्याहून प्रत्यक्षात किती जास्त थांबावं लागलं, ते तिथे मोजतात. हा आकडा कमी झाला की कंपनीला बक्षिसी मिळते आणि वाढला की पैसे कापले जातात. आपल्याकडच्या पुढच्या करारांत हे एक कलम घालायला नवा पूल बांधावा लागत नाही.