मनगटावरील आकडा आणि वैद्याची तीन बोटे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील रुग्ण हल्ली नाडी दाखवण्यासाठी हात पुढे करतो, तेव्हा आधी घड्याळ काढावे लागते. काढता काढता तो विचारतो, “डॉक्टर, स्ट्रेस ब्याऐंशी दाखवतंय. काळजीचं आहे का?”

घड्याळाच्या तळाचा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहावरून परततो व त्यावरून हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर मोजले जाते. स्वस्थावस्थेत हे अंतर सतत किंचित बदलते. ताणात हा बदल घटतो. गार्मिनच्या घड्याळांत त्यावरून 0 ते 100 असा अंक निघतो. 75 च्या पुढे तीव्र ताण. परंतु श्रम, मद्य, ज्वर वा अपुरी निद्रा यांनीही अंक चढतो. यंत्राला शरीराची उत्तेजना कळते, तिचे कारण नव्हे.

बदलापूर ते मुंबई सुमारे 68 कि.मी. लोकलच्या गर्दीत उभ्या प्रवाशाचा अंक चढला, तर नवल ते काय? तरीही कित्येक जण अंकानेच धास्तावतात व मध्यरात्री उठून तो पाहतात. झोपेच्या नोंदींपायी जडणाऱ्या अशाच चिंतेला अमेरिकी संशोधकांनी 2017 मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव दिले.

उलट प्रकारही घडतो. पतिनिधनानंतर खचलेल्या एका भगिनींनी “घड्याळ तर ठीक दाखवतं” म्हणून तीन महिने दुःख अंगावर काढले. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सुमारे 800 तरुणांच्या अभ्यासातही घड्याळाचा ताणांक व स्वतः नोंदवलेला ताण यांत जवळजवळ संबंध आढळला नाही.

तथापि, यंत्र ग्रंथोक्त नाही म्हणून त्याज्य, हे म्हणणेही उचित नव्हे. नाडीपरीक्षेचे विवेचन चरक-सुश्रुतांत नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत आढळते. पूर्वसूरींनी नवे साधन स्वीकारले, मात्र मर्यादा घालून: भोजन, स्नान वा व्यायाम झाल्यावर लगेच, तसेच भुकेल्या-तहानलेल्याची नाडी पाहू नये. घड्याळालाही हाच दंडक लावावा. रुग्णास आठवडाभर अंकाशेजारी आहार, निद्रा, प्रवास व त्या वेळची मनःस्थिती लिहिण्यास सांगावे. एकट्या अंकावरून औषध देऊ नये वा बदलू नये.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी घड्याळ फार तर स्पर्शन करते. त्या भगिनींना मी एवढेच विचारले, “आता घरी सोबत कोण असतं?” त्या बराच वेळ रडल्या. सत्त्वावजयाचा आरंभ तेथूनच झाला.