खणाचं जाकीट, घरच्या शिलाईचं

यंदा सवाईच्या मैफलीला नवऱ्याने मी शिवलेलं खणाचं जाकीट घातलं. बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून लिहितेय.

खणासाठी बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड प्रसिद्ध. कापड मूळचं चोळीचं, त्यामुळे पन्हा अरुंद. जाकिटाची पाठ आणि पुढचे भाग शेजारी शेजारी बसत नाहीत, जास्तच कापड घ्या.

काठ मी पुढे बटणपट्टीशी उभा घेते. फार देखणा दिसतो! बुट्टे मात्र दोन्हीकडे एका रेषेत यायला हवेत. कापण्याआधी टाचण्या लावून बघाच.

अस्तर सुती, आधी भिजवून वाळवलेलं. नाहीतर धुतल्यावर ते आटतं आणि खणाला चुण्या पडतात.

बगलेखाली इंचभर माया ठेवा, पुढे उसवून सैल करता येतं.

मापांबद्दल काही अडलं तर बिनधास्त विचारा.