410 किलोमीटर, 54 सेकंद आणि 11 माणसे

परभणीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 410 किलोमीटर. रेल्वेने जायचे तर अख्खी रात्र जाते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण तेवढ्याच उंचीवरून पृथ्वीभोवती फिरते आणि एवढे अंतर 54 सेकंदांत कापते. एका दिवसात सुमारे 16 प्रदक्षिणा, म्हणजे 16 सूर्योदय!

2011 च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्यात 18 लाख 36 हजार माणसे राहतात. या स्थानकावर 2000 पासून 2025 अखेरपर्यंत जाऊन आलेली माणसे मोजली, तर 300 सुद्धा भरत नाहीत.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले राकेश शर्मा 1984 मध्ये सोव्हिएत स्थानकावर गेले. त्याच प्रबोधिनीचे शुभांशू शुक्ला 41 वर्षांनी, जून 2025 मध्ये, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचले. तेव्हा तिथे 6 देशांची 11 माणसे होती. स्थानकाचे वस्तुमान सुमारे 420 टन, पण वावरायची जागा 388 घनमीटर. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 10 बाय 12 फुटांच्या एका खोलीएवढी जागा. दिवसाचे काम पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने आखलेले. आग, हवेची गळती, विषारी वायू या तीन संकटांत कोणी काय करायचे, याचा सराव सगळ्यांनी मिळून केलेला.

एवढी तयारी असूनही चूक होते. 9 जुलै 2013 च्या स्पेसवॉकनंतर, म्हणजे स्थानकाबाहेर जाऊन केलेल्या कामानंतर, अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडले. पिण्याच्या पिशवीतून गळले असेल, असे समजून विषय तिथेच मिटला. 16 जुलैला ते पुन्हा बाहेर गेले आणि हेल्मेटमध्ये सुमारे दीड लिटर पाणी साचले. नाक, डोळे, कान पाण्याने वेढले गेले. दोरीच्या आधाराने ते परतले. एअरलॉकमध्ये ऐकू येईना, तेव्हा साथीदार ख्रिस कॅसिडी यांनी त्यांचा हात दाबून ते ठीक आहेत ना, याची खात्री करून घेतली. साथीदारांनी त्यांना वाचवले. धोका ओढवला तो आठवडाभर आधी एक शंका लावून न धरल्यामुळे.

उद्या मंगळावर जाणाऱ्यांना तर पृथ्वीवरून लगेच सल्लाही मिळणार नाही. तिथून संदेश यायला 22 मिनिटांपर्यंत वेळ लागतो. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत 44. तेवढ्या वेळात चमूला एकमेकांच्याच भरवशावर निभवावे लागेल.

परभणीतल्या ज्या मुलामुलींना अवकाशात जायचे आहे, त्यांनी गणित पक्के करावेच. सोबत वर्गात शंका आली की ती सगळ्यांसमोर विचारायची आणि दुसऱ्याची शंका मन लावून ऐकायची सवय आजपासून लावून घ्यावी.