एका थेंबात कॅन्सर सापडतो का? लाळ आणि रक्ताच्या तपासण्यांविषयी कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावे असे काही

जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की वर्षावासाची सांगता, आपल्या वस्त्यांमध्ये आता आरोग्य शिबिराशिवाय कार्यक्रम पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण अशा शिबिरांच्या आसपास आणि व्हॉट्सअॅपवर अलीकडे एक जाहिरात वारंवार दिसते : एकदाच रक्त द्या, सगळे कॅन्सर तपासून घ्या, शिबिरात निम्म्या दरात. दुसऱ्या बाजूला दर दोन-चार महिन्यांनी बातमी येते की आता थुंकीच्या एका थेंबातून कॅन्सर ओळखता येणार. बातमी वाचून शिबिर ठरवणारे आणि जाहिरात पाहून पैसे भरणारे आपलेच लोक आहेत. म्हणून या तपासण्या नेमके काय शोधतात, त्यातल्या कोणत्या पक्क्या आहेत आणि कोणत्या अजून प्रयोगशाळेतच आहेत, हे नीट समजून घ्यायला हवे.

शरीरात आजार सुरू झाला की त्याची काहीतरी खूण रक्तात किंवा लाळेत उतरते. कधी ते एखादे प्रथिन असते, कधी डीएनएचा तुकडा, कधी विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे. मोजता येणाऱ्या अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. रक्तातली साखर हाही बायोमार्करच. रक्तात पेशींच्या बाहेर डीएनएचे तुकडे तरंगत असतात हे १९४८ मध्येच फ्रान्समध्ये मँडेल आणि मेटे यांनी दाखवले होते. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचेही तुकडे रक्तात मिसळतात. आजच्या बहुतेक 'लिक्विड बायोप्सी' तपासण्या हेच तुकडे शोधतात.

लाळेचेही तसेच आहे. आपल्या तोंडात मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्या आहेत आणि दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यातले ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात प्रथिने, प्रतिपिंडे, तोंडातून झडलेल्या पेशी, जंतू असे बरेच काही असते. सुई नाही, वेदना नाही, नमुना घ्यायला तज्ज्ञ लागत नाही, म्हणून संशोधकांना लाळेचे आकर्षण आहे. एचआयव्हीची हिरड्यांवरून बोळा फिरवून करायची तपासणी अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाली आणि २०१२ पासून ती तिथे घरच्या घरी करता येते. कोरोनाच्या काळात नागपूरच्या 'नीरी' संस्थेने नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना घेण्याची पद्धत काढली आणि २०२१ मध्ये तिला आयसीएमआरने मान्यता दिली. आपल्या नागपुरात झालेले हे काम आपल्यालाच फारसे माहीत नसते.

मग विषाणू लाळेत सापडतो तर कॅन्सर का सापडू नये? इथेच खरी गोम आहे. विषाणू बाहेरचा असतो. त्याचे जनुकीय द्रव्य आपल्या शरीरात एरवी नसते, त्यामुळे ते दिसले की शंका राहत नाही. कॅन्सर मात्र आपल्याच पेशींचा असतो. त्याने रक्तात किंवा लाळेत सोडलेली बरीच द्रव्ये निरोगी माणसातही थोडीफार असतात आणि दुसऱ्या कारणांनीही वाढतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लाळेत काही आरएनए वाढलेले असतात, असे दाखवले. त्यात 'इंटरल्युकिन-८' हे एक होते. पण हे द्रव्य सुजेचे आहे, हिरड्या सुजल्या तरी ते वाढते. वर्षानुवर्षे तंबाखू, खर्रा किंवा मावा खाणाऱ्या माणसाच्या हिरड्या कशा असतात ते आपण पाहतोच. ज्याची तपासणी करायची त्याच्याच तोंडात गोंधळ घालणारे कारण आधीपासून हजर असते. या संशोधनाला २० वर्षे उलटून गेली, तरी शिबिरात बसून लाळेवरून तोंडाचा कॅन्सर ओळखावा अशी तपासणी आजही नाही.

रक्तातल्या जुन्या 'ट्यूमर मार्कर'ची कथा तर डोळे उघडणारी आहे. लॅबच्या पॅकेजमध्ये हमखास असणारी तीन नावे म्हणजे सीईए, सीए-१२५ आणि पीएसए. सीईए धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कॅन्सर नसतानाही वाढलेले दिसते. सीए-१२५ हे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वापरतात, पण मासिक पाळीत, गर्भाशयाच्या इतर त्रासांत आणि पोटाच्या टीबीतही ते वाढते. आपल्या देशात टीबी किती आहे हे वेगळे सांगायला नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांवर या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. काहींची दरवर्षी रक्ततपासणी केली आणि सरासरी १६ वर्षे सर्वांवर लक्ष ठेवले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : काही कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, पण त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत.

हे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. लवकर सापडणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात नेहमी पहिली सांगते.

पीएसएचेही असेच झाले. प्रोस्टेट कॅन्सरच्या निदानाला मदत म्हणून अमेरिकेत १९९४ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि तिचा सपाटा सुरू झाला. पुढे लक्षात आले की साध्या वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटमध्येही पीएसए वाढते आणि ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशा अनेकांच्या विनाकारण शस्त्रक्रिया झाल्या. २०१२ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने ही सरसकट तपासणी करूच नका असे सांगितले. २०१८ मध्ये त्यात बदल करून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, असे म्हटले.

आता एक हिशेब करू. हा हिशेब ज्या कार्यकर्त्याला पाठ असेल त्याला कोणतीही लॅब फसवू शकणार नाही. समजा, शिबिरात १,००० माणसे आली. त्यांतील २ जणांना खरोखर कॅन्सर आहे. तपासणी खूप चांगली आहे, निरोगी माणसाला १०० पैकी ९५ वेळा 'नाही' असे बरोबर सांगते. तरीही ९९८ निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांचा रिपोर्ट चुकीने 'पॉझिटिव्ह' येणार. म्हणजे ५२ लोक घाबरून घरी जाणार आणि त्यांतील ५० जणांना काहीही झालेले नसणार. त्या ५० जणांचे सीटी स्कॅन, बायोप्सी, बुडालेली मजुरी, रात्रीची झोप याचा खर्च कोणी मोजायचा? शिबिर घेणारे मंडळ तर दुसऱ्या दिवशी मंडप काढून मोकळे झालेले असते.

नव्या तपासण्या या हिशेबात बऱ्याच सुधारल्या आहेत हे मान्य करायला हवे. रक्तातल्या डीएनएवरून एकाच वेळी ५० हून अधिक प्रकारचे कॅन्सर शोधणाऱ्या 'गॅलेरी' या तपासणीचा अमेरिकेत ५० वर्षांवरील ६,६२१ लोकांवर अभ्यास झाला. ९२ जणांना कॅन्सरची खूण असल्याचे दाखवले, त्यांपैकी ३५ जणांना खरेच कॅन्सर होता. पण वर्षभरात या लोकांपैकी एकूण १२१ जणांना कॅन्सर निघाला, म्हणजे ८६ जणांचा कॅन्सर या तपासणीच्या हाती लागलाच नाही. 'रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता काळजी नाही' असे म्हणून तोंडातल्या जखमेकडे दुर्लक्ष करणारा माणूस मला पॉझिटिव्ह रिपोर्टने घाबरलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्यात वाटतो.

लाळेतली आणखी एक तपासणी २०२५ मध्ये गाजली. लंडनच्या संशोधकांनी लाळेतल्या डीएनएमधले १३० बदल मोजून प्रोस्टेट कॅन्सरचा जन्मजात धोका कोणाला जास्त आहे ते काढले. सर्वाधिक धोक्याच्या गटातल्या ४६८ जणांची पुढची तपासणी झाली, त्यांत १८७ जणांना कॅन्सर सापडला. चांगले काम आहे. मात्र ही लाळ कॅन्सर दाखवत नाही, फक्त धोका दाखवते. शिवाय हा अभ्यास युरोपीय वंशाच्या पुरुषांवर झाला. त्यांच्या डीएनएवर बसवलेले गणित आपल्यावर तसेच लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. जनुकीय संशोधनात कोणाची माहिती गोळा होते आणि कोणाची होत नाही, हा प्रश्न आपल्या तरुण संशोधकांनी हाती घेण्यासारखा आहे.

रक्ताच्या तपासणीचा फायदा स्पष्ट दिसला तो हाँगकाँगमध्ये. तिथे दक्षिण चीनमधल्या लोकांत नाकामागच्या घशाचा कॅन्सर खूप आढळतो आणि त्याचा एका विषाणूशी संबंध आहे. डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी सुमारे २०,००० पुरुषांच्या रक्तात त्या विषाणूचा डीएनए शोधला. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले की ३४ जणांचा कॅन्सर यातून सापडला आणि त्यांतील बहुतेकांचा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होता. हे का जमले ते पाहा. शोधायची वस्तू बाहेरची होती, तपासलेले लोक खरोखर धोक्यातले होते आणि पॉझिटिव्ह आलेल्याला लगेच दुर्बिणीने तपासण्याची सोय होती.

हीच तीन सूत्रे आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, खरी ठरली आहेत. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने खेड्यापाड्यांतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. जगभरच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. हा नमुना लाळेचा किंवा रक्ताचा नव्हता, पण शोधायचे काय आणि कोणात, याचा धडा तोच.

रक्ताच्या एका थेंबाने ज्याचे खात्रीने निदान होते असा एक आजार विदर्भात आपल्या दारात आहे : सिकलसेल. तो आदिवासी समाजाइतकाच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही आढळतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. तेच बदललेले हिमोग्लोबिन आपण तपासतो. साधी सोल्युबिलिटी चाचणी आधी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः आजारी नसतो, त्याला रोगी समजून नाकारणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. पण वधू-वर परिचय मेळाव्यात पत्रिकेचे कोणी विचारत नाही याचा आपण अभिमान बाळगतो, तर त्याच फॉर्मवर सिकलसेल तपासणी झाली का, एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे? २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे, त्यात तपासणी मोफत होते.

आणि तोंडाचा कॅन्सर? भारतात २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक अंदाज आहे, म्हणजे जगातल्या तिघांपैकी एकाहून जास्त. त्यासाठी लाळेच्या तपासणीची वाट पाहायची गरज नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आला की तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. याच धर्तीवर सरकारच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात ३० वर्षांवरील प्रत्येकाची मोफत तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के लोकांनीच आयुष्यात कधी तोंडाची तपासणी करून घेतली होती.

म्हणून पुढच्या शिबिरात ट्यूमर मार्करचे टेबल नको, शासकीय दंत महाविद्यालयाचे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे दंतवैद्य बोलवा. खर्रा, मावा, गुटखा खाणारे आणि मिश्री लावणाऱ्या आयाबाया आधी बसवा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट झोंबणे, तीन बोटे उभी जाणार नाहीत इतके तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर नाव-पत्ता वहीत घ्या. बायोप्सीसाठी त्यांच्यासोबत एक कार्यकर्ता पाठवा आणि कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड आधीच तयार ठेवायला सांगा.