मिक्श्चर कोण लावणार?

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, विज्ञान दिनाच्या सुमारास, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जत्रेसारखी गर्दी होते. महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या बघायला शाळाच्या शाळा येतात. खोडदहून पूर्वेला पारनेर ओलांडलं की अहमदनगर, आताचं अहिल्यानगर लागतं. तिथल्या ‘व्हीआरडीई’त, म्हणजे डीआरडीओच्या वाहन प्रयोगशाळेत, असं सहज डोकावता येत नाही. संस्था लष्कराच्या गाड्यांसाठी ओळखली जाते. पण भारतात घडलेल्या पहिल्या वँकेल इंजिनाला इंधन आणि ठिणगी कशी द्यायची, हे काम याच संस्थेकडे होतं.

हे इंजिन ‘निशांत’ या वैमानिकाविना उडणाऱ्या टेहळणी विमानासाठी होतं. त्याआधी निशांतला परदेशी इंजिन बसत असे. देशी इंजिनाचा गाभा, त्यातलं ॲल्युमिनियमचं ओतकाम आणि आतला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप ही बंगळुरूच्या ‘एनएएल’ या विमानविज्ञान प्रयोगशाळेची कामगिरी, इग्निशन आणि इंधनव्यवस्था नगरची, उड्डाणचाचण्या बंगळुरूच्याच ‘एडीई’ या डीआरडीओच्या विमान प्रयोगशाळेच्या. ताकद ५५ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम ३० किलो.

एवढ्या हलक्या इंजिनातून एवढी ताकद निघते ती रचनेमुळे. फेलिक्स वँकेल या जर्मन तंत्रज्ञाचं पहिलं इंजिन १९५७ साली चाललं. त्यात वरखाली होणारा पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. त्याची एक फेरी होईतो शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात आणि तिन्ही बाजूंवर एकेक स्फोट होतो, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला एक. त्यामुळे धक्के कमी बसतात. विमानाला हे मानवतं.

खोड मात्र जळणात आहे. इथली ज्वलनाची जागा लांब, चपटी आणि रोटरबरोबर सरकणारी. ज्योत मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच थंड भिंतीला लागून विझू पाहते. म्हणून बऱ्याच वँकेल इंजिनांत एकाच कप्प्याला दोन प्लग असतात. शिवाय हवा आत येते ती बाजू कायम थंड आणि स्फोट होतो ती कायम तापलेली. रोटरच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, हे सगळं सोसत भिंतीवर घासत जातात. हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लीन होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, नॉकिंग (अवेळी होणारे स्फोट) सुरू झालं की आधी त्यांचाच तुकडा पडतो. रिच ठेवलं तर जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं आणि इंजिन गार राहतं; पण प्लग काळे पडतात, मिसिंग सुरू होतं आणि टाकी लवकर रिकामी होते.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. पुरेपूर ताकद हवी असेल तर मिक्श्चर त्याहून रिच, १२.५ ते १३च्या आसपास ठेवतात. जमिनीवर हे साधणं कठीण नाही. विमान वर गेलं की हवा विरळ होते. १,८०० मीटरवर तिची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सोळा टक्क्यांनी कमी असते. साधा कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही, त्यामुळे खाली १३ला लावलेलं मिक्श्चर तिथे १२च्या घरात येतं. कुणी काही बिघडवलेलं नसताना ट्युनिंग बिघडतं.

घरी विमान बांधणाऱ्यांकडे यावर एक उपाय असतो. आपल्याकडे हा नाद दुर्मीळच. कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर विमान उभारणारे कॅप्टन अमोल यादव हे त्यातलं ठळक नाव, पण त्यांच्या विमानाचं इंजिन वेगळ्या जातीचं. अमेरिकेत काही हौशी लोक माझदाच्या मोटारीचं वँकेल इंजिन काढून विमानाला बसवतात. अशा विमानात बहुधा लाल मुठीची मिक्श्चरची दांडी असते. वर पोचल्यावर वैमानिक ती हळूहळू ओढतो. धुराड्यातल्या तापमानाचा काटा चढत जातो, एका ठिकाणी थबकतो आणि पुढे ओढलं की उतरू लागतो. मग थरथर जाणवते. काटा, कान आणि बुडाखालची सीट या तिघांचं ऐकून तो दांडी कुठे थांबवायची ते ठरवतो. मोटारीतला ऑक्सिजन सेन्सर मदतीला घेता येतो, पण शिसं असलेलं विमानी पेट्रोल भरलं तर तो लवकर निकामी होतो.

निशांतमध्ये ही दांडी ओढायला कुणी बसलेलंच नव्हतं. जे हौशी वैमानिक आकाशात ठरवतो, ते इथे विमान उडण्याआधी, जमिनीवर ठरवून ठेवणं भाग होतं: थंड इंजिन सुरू करताना किती पेट्रोल द्यायचं, चढताना किती, विरळ हवेत किती. निशांतला चाकं नव्हती. लाँचरवरून फेकलं गेलं त्या क्षणी इंजिन अडखळलं, तर धावपट्टीवर थांबून पुन्हा बघू अशी सोय नाही.

जमिनीवर दीर्घकाळ चालवून बघितल्यावर मार्च २००९मध्ये इंजिनाला उड्डाणाची तात्पुरती परवानगी मिळाली. ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकात कोलारजवळ निशांत देशी इंजिनावर उडालं, १.८ किलोमीटर उंची गाठली आणि एकूण सुमारे चाळीस मिनिटांनी एका कोरड्या तलावात सुखरूप उतरलं.

पुढे निशांतचं बस्तान बसलं नाही. लष्कराकडची विमानं अपघातांत गेली आणि नवी मागणी आली नाही. इंजिनाचं कौतुक झालं तेव्हाही ते लेप आणि ओतकामाचं जास्त झालं. इंधनव्यवस्थेची गणना झाली ती ‘पूरक भागां’त. लेप दाखवता येतो, मिक्श्चर दाखवता येत नाही, हे त्याचं एक कारण असावं. पण वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्रांचा आता सगळीकडे सुकाळ होतो आहे, आणि त्यांतल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाला हाच पेपर सोडवावा लागतो. उत्तरं परदेशातून विकत घेता येतात. मात्र आपल्या उन्हात, आपल्या उंचीवर ती चुकली, तर का चुकली हे सांगायला स्वतः कधीतरी मिक्श्चर लावलेला माणूसच लागतो.