छायाचित्रातील ‘क्लिपिंग’चा इशारा : किती विसंबावे?

छत्तीसगडमधील भिलाई-३ची ओळख पोलाद उद्योगाशी जोडलेली असली, तरी भोवतालच्या दुर्ग जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक धान हेच आहे. गोंदिया-भंडाऱ्याप्रमाणे येथेही खोडकिडा, गादमाशी व तपकिरी तुडतुडे या प्रमुख किडी आहेत. आता किडीचा नमुना तज्ज्ञांकडे पोहोचण्यापूर्वी बहुधा तिचे छायाचित्र पोहोचते. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीतही छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. छायाचित्रात कोणता तपशील टिकला, यावर फवारणीचा निर्णय अवलंबून राहू शकतो. त्यामुळे संपादनाच्या साधनांतील ‘क्लिपिंग’चा इशारा समजून घेणे उपयुक्त ठरते.

इशारा काय सांगतो?

जेपेग छायाचित्रातील प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरव्या व निळ्या रंगाची नोंद ० ते २५५ या अंकांत होते. प्रकाश फार झाला की अंक २५५ वर अडकतो. फार कमी पडला की शून्यावर. शेजारचे सारे बिंदू एकाच अंकावर अडकले की त्यांतील फरक, म्हणजेच तपशील, नाहीसा होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. अनेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर असा अतिउजळ भाग लुकलुकतो. संगणकावरील लाइटरूममध्ये ‘जे’ ही कळ दाबल्यास अतिउजळ भाग लाल व अतिगडद भाग निळा दिसतो.

नुकसान कोठे होते?

पिवळ्या खोडकिड्याच्या मादी पतंगाच्या प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका असतो. भर उन्हात, गडद पार्श्वभूमीवर छायाचित्र घेतल्यास फिकट पिवळे पंख पांढरेफटक होऊन ओळखीची खूण पुसट होऊ शकते. याउलट तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, सावलीत असतात. त्यांची अंडी खाणारा हिरवा मिरिड ढेकूणही तेथेच वावरतो. दोन्हींच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरल्या, तर मित्रकीटक शत्रूंत मोजला जातो. त्यातून झालेली अनावश्यक फवारणी मित्रकीटकांना मारते आणि काही कीटकनाशकांमुळे तुडतुडे उलट वाढतात.

इशाऱ्याच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, इशाऱ्याला अंक कळतात, कीटक कळत नाही. दवबिंदूवरील चमक किंवा भुंगेऱ्याच्या कठीण पंखांवरील तिरीप पांढरी झाली, तरी सहसा बिघडत नाही. तेवढ्यासाठी सारे छायाचित्र गडद केल्यास पायांचा व स्पर्शिकांचा तपशील हरवतो.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. जेपेगमधील पांढरा पडलेला भाग संपादनात गडद केला की इशारा विझतो. परंतु तेथे ठिपके परत येत नाहीत, सपाट करडा रंग तेवढा येतो. रॉ स्वरूपातील छायाचित्रात १२ किंवा १४ बिटांची नोंद असल्याने काही तपशील परत मिळू शकतो, पण सेन्सरवरच मर्यादा ओलांडली गेली असेल तर तोही नाही.

तिसरी मर्यादा रंगांची आहे. पिवळ्या चिकट सापळ्याच्या छायाचित्रात लाल व हिरवा रंग आधी टोकाला जातात. काही साधने एकट्या रंगाचे क्लिपिंग वेगळे दाखवत नाहीत; म्हणून तिन्ही रंगांचा आलेख, म्हणजेच हिस्टोग्राम, पाहावा.

कपाशीत कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले, की गुलाबी बोंडअळीबाबत सावध व्हावे लागते. तरीही फुले व हिरवी बोंडे फोडून प्रादुर्भाव पाहिला जातोच. क्लिपिंगच्या इशाऱ्याचे स्थान असेच आहे. तो कोठे पाहावे हे सांगतो. निर्णय मात्र कीटक ओळखणाऱ्याने घ्यायचा असतो.

शिवारात काय करावे?

- मोबाइलच्या पडद्यावर कीटकावर बोट टेकवून फोकस करावा व पंख पांढरे पडत असल्यास उजळपणा कमी करावा.
- भर उन्हात कीटकावर छत्रीची किंवा स्वतःची सावली धरावी.
- एकच कीटक कमी व अधिक उजळपणात दोन-तीनदा टिपावा.
- छायाचित्र मोठे करून ठिपके, पंखांच्या शिरा व पाय दिसतात का, हे शेतातच तपासावे. इशारा ओळखीच्या भागावर असेल, तर संपादनावर विसंबू नये. पुन्हा छायाचित्र घ्यावे.
- तज्ज्ञांना संपादित प्रतीसोबत मूळ छायाचित्रही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि शक्य तेथे नमुना जपून ठेवावा.