पोळ्याला पाणी, दसऱ्याला मासे

मे महिन्यात उजाडायच्या आत आदिलाबादजवळच्या मावल्याच्या तलावावर जाऊन बसलं, तर कधी कधी पाण्यावर ठिकठिकाणी तोंडं दिसतात. मासे अगदी वर येऊन पृष्ठभागालगतचं पाणी तोंडात ओढत असतात. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतींनीही प्राणवायू वापरलेला असतो, उजेड नसल्यानं नवा तयार झालेला नसतो. दिवसाच्या चोवीस तासांतली तलावाची ही सर्वांत कठीण घटका. ऊन वर आलं, शेवाळ कामाला लागलं, वारा सुटला की ती तोंडं दिसेनाशी होतात.

लहानपणी घरी आणलेल्या गोल बरणीतला गोल्डफिश असाच वर येऊन तोंड उघडझाप करायचा. तो आमच्याशी बोलतो, असं आम्हा भावंडांना वाटायचं. बरणीत ना शेवाळ होतं, ना वारा. नवव्या दिवशी तो उलटा तरंगत होता. माशांच्या श्वासाबद्दल जे काही पुढे वाचलं, ते त्या माशाची आठवण ठेवूनच वाचलं.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातही नाही. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, हिवाळ्यात जिल्ह्यातल्या काही गावांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. एकाच घरातल्या माशांच्या एकाच टाकीला हे दोन्ही सोसायचं असतं. म्हणून आपल्याकडे टाकी केवढी घ्यायची हा प्रश्न शोभेचा राहत नाही, हवामानाचा होतो.

तेलंगणात २०१६पासून सरकार तलावांमध्ये मत्स्यबीज सोडतं. कोणत्या तलावात किती बोटुकल्या सोडायच्या, हे ठरवताना पाण्याखालचं क्षेत्र पाहिलं जातं, नुसती खोली पाहत नाहीत. यामागे शहाणपण आहे. प्राणवायू वरून येतो, उजेडही वरूनच येतो. घरातल्या टाकीलाही हाच हिशेब लावावा. पाच लिटरची गोल बरणी गळ्यापर्यंत भरली आणि तोंड १२ सेंटिमीटर रुंद असलं, तर हवेला टेकलेलं पाणी भरतं जेमतेम ११३ चौरस सेंटिमीटर, साधारण हाताच्या पंजाएवढं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा साध्या टाकीत ते १,८०० चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे सोळा पट. उंच, अरुंद, कोपऱ्यात छान दिसणारी टाकी म्हणूनच टाळावी. लांबट आणि बुटकी घ्यावी. इटलीतल्या रोम शहरानं २००५ साली गोल बरणीत गोल्डफिश ठेवायला बंदीच घातली. ती बातमी अनेकांना गंमत वाटली होती, मला ती फार उशिरा आलेली वाटली.

पण बरणीतला मासा बहुतेक वेळा गुदमरण्याच्याही आधी दुसऱ्याच कशानं तरी मरतो. मासा प्रथिनं खातो, त्यांतला नायट्रोजन अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. एक ग्रॅम खाद्य धरा, त्यात ४० टक्के प्रथिनं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे तो झाला ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपानं पाण्यात आला तरी तीसेक मिलिग्रॅम. पाच लिटरच्या बरणीत लिटरमागे ६ मिलिग्रॅम, पन्नास लिटरच्या टाकीत ०.६. आता आपल्या भागातलं पाणी पाहू. आदिलाबादच्या परिसरात भूशास्त्रज्ञ पैनगंगा नदीच्याच नावानं ओळखतात ते चुनखडकाचे थर आहेत, इथला सिमेंट कारखाना त्यांच्याच आधारानं उभा राहिला. अशा खडकांतून येणारं बोअरचं पाणी जड असतं आणि अल्कधर्मी बाजूला झुकतं. याचा परिणाम थेट अमोनियावर होतो. सामू ७ असेल तर २५ अंशांवर एकूण अमोनियाचा शेकडा अर्ध्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तो शेकडा पाचाच्या वर जातो. म्हणजे बरणीत लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम विष, टाकीत ०.०३. कल्ल्यांना इजा व्हायला ०.०५ पुरेसं असतं. खाद्य तेवढंच, मासा तोच, पाणी फक्त दहा पट. नवशिक्याच्या हातून एखादी चिमूट जास्त पडणारच. मोठी टाकी त्याला ती चूक लक्षात यायला चार दिवसांची सवड देते, बरणी एक रात्रही देत नाही. लहान टाकी सोपी आणि मोठी अवघड हा समज उलटा आहे, असं मी सांगतो ते या आकड्यांमुळे.

तरीही पन्नास लिटरही कायमचे पुरत नाहीत. तलावात हे विष संपवणारे सूक्ष्मजीव चिखलात, दगडांवर, देठांवर पसरलेले असतात. टाकीत ते आपल्याला वसवावे लागतात, आणि त्यांचं घर म्हणजे फिल्टर. लोक फिल्टरला गाळणी समजतात. गाळण्याचं काम तो करतो खरं, पण त्याच्या स्पंजवरचा बुळबुळीत थर हाच खरा मोलाचा. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही घातकच, माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते प्राणवायू वाहू देत नाही. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे पुष्कळ सौम्य असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. शंभरावर वर्षं विज्ञानाला वाटत होतं की या दोन पायऱ्या वेगवेगळेच जिवाणू चढतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना दोन्ही पायऱ्या एकट्यानं चढणारा जिवाणू सापडला, तोही मत्स्यपालनाच्या पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, २०११मध्ये, घरगुती गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनिया संपवण्याचं काम अनेकदा जिवाणूंपेक्षा आर्किया नावाचे निराळेच सूक्ष्मजीव जास्त करतात, असं दिसून आलं होतं. दिवाणखान्यातल्या स्पंजमध्ये अजून इतकं नवं सापडतंय, याचं मला अपार कौतुक वाटतं. तो स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये, क्लोरीननं सगळी वसाहत जाते. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळावा.

ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत मासा नसावा. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो आणि सूक्ष्मजीवांना खायला मिळतं. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा स्पंज आपल्या पाण्यात पिळून घ्यावा, काम लवकर होतं. दुकानात तपासणीचा संच मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, म्हणजे टाकी तयार.

आता मासे. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच घराण्यातला. रोहूला बरणीत ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही, मग गोल्डफिशला का? नीट वाढला तर तो वीतभर होतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. दोन फुटांची टाकी त्याला अपुरी आहे. बेट्टा, म्हणजे फायटर, दुकानात पेल्याएवढ्या डब्यात तग धरतो, कारण तो वरची हवाही घेऊ शकतो. आपला मरळही हेच करतो, तेलंगणचा राज्यमासा कोर्रमीनू तो हाच. पण हवा घेता आली म्हणून अमोनियाचा दाह चुकत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मृदू, आम्ल पाण्यातल्या निऑन टेट्राला इथल्या बोअरच्या पाण्यात पहिल्याच वर्षी आणू नये.

पहिला मासा म्हणून माझं मत झेब्रा माशाला. बोटाएवढासुद्धा नाही, निळे-सोनेरी पट्टे, दिवसभर पळापळ. हा भारतीय उपखंडातलाच, उथळ ओढ्यांत आणि भातखाचरांच्या कडेला राहणारा, त्यामुळे कडक उन्हाळा आणि थंडी दोन्ही त्याच्या ओळखीची. फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे अमेरिकेत ऑरेगनला जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं, आणि आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर काम चालतं. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्याकडे जोड सापडते, आणि हृदयाचा तुकडा कापला तरी तो परत वाढवतो. थव्यात राहणारा मासा आहे, सहापेक्षा कमी आणू नयेत. उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच. त्यांच्यानंतर तीन-चार आठवड्यांनी गप्पी आणावेत. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं डबक्यांत सोडतं तेच, पण रंगीत. जड पाणी त्यांना मानवतं. नुसते नर घ्यावेत, नाहीतर महिन्या-महिन्याला पिल्लांचा पूर येतो. सहा झेब्रे आणि चार-पाच गप्पी एवढ्यावर पन्नास लिटर भरले असं समजावं.

थंडीत ५० वॉटचा हीटर लावावा. उन्हाळ्यात पाण्यावर पंख्याचा झोत सोडला की बाष्पीभवनानं माठासारखं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. तेवढं पाणी आटतंही, ते रोज भरावं लागतं. वीज गेली तरी चालेल असा बॅटरीचा हवापंप घरात असावा.

काच साफ ठेवतो म्हणून दुकानदार हमखास सकर मासा गळ्यात मारतात. तीन इंचांचा दिसतो, फूटभराच्या पुढे जातो, टाकीत मावेनासा झाला की लोक दया येऊन त्याला नदीत नाहीतर धरणात सोडून देतात. उजनी जलाशयात तो असाच पसरला. काटेरी अंगानं जाळी फाडतो, काठात बिळं करून अंडी घालतो, बाजारात त्याला भाव नाही. तिथल्या मच्छीमारांना तो रोजच्या जाळ्यात भोगावा लागतो. नकोसा झालेला कोणताही मासा दुकानात परत द्यावा, मावल्याच्या तलावात कधीच सोडू नये.

टाकी कधी भरायची, हेही हवामानच सांगतं. मेमध्ये पाणी कढतं, डिसेंबरात सूक्ष्मजीव मंदावतात. मधला काळ उत्तम. पोळ्याला बैल धुऊन झाले की टाकी धुऊन भरावी. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो. खडी, फिल्टर, चार रोपं, आणि रोजची खाद्याची चिमूट. पोळ्याच्या अमावास्येपासून दसऱ्यापर्यंत चाळीस दिवस होतात, तेवढेच फिल्टरला लागतात. घरातली मुलं रिकाम्या टाकीला कंटाळतील, तेव्हा तपासणीच्या नळ्यांतला रंग रोज त्यांनाच वहीत लिहायला द्यावा. भाद्रपद संपता संपता अमोनियाचा आकडा उतरू लागतो. फुलांची बतुकम्मा तलावात सोडून बायका परततात, त्या दिवसांत नायट्राइटही शून्यावर आलेलं असतं. मग दसऱ्याला, आपट्याच्या पानांबरोबर, सहा झेब्रे.